व्यवस्थापित सुरक्षा सेवांतील मनुष्यबळ

व्यवस्थापित सुरक्षा सेवा म्हणजे संस्थेच्या संगणकजाळ्यावर देखरेख ठेवण्याचे आणि हल्ल्याची चाहूल लागताच सूचना देण्याचे काम बाहेरच्या कंपनीकडे सोपवण्याची व्यवस्था होय. हे काम सुरक्षा संचालन केंद्रातून (एसओसी) चालते. यंत्रणेने दिलेला इशारा खरा की खोटा, हे बहुतेक वेळा माणसालाच ठरवावे लागते. त्यामुळे पुरेसे व अनुभवी मनुष्यबळ टिकवणे हा या सेवेपुढील प्रमुख प्रश्न आहे.

पाळ्यांचे गणित

आठवड्याचे तास १६८ असतात. प्रत्येकी ४० तासांच्या हिशेबाने एक जागा अहोरात्र भरलेली ठेवण्यास ४.२ माणसे लागतात; रजा, आजारपण व प्रशिक्षण धरता ही संख्या पाच-सहापर्यंत जाते. लहान संस्थांना हा खर्च परवडत नाही. सेवादाता कंपनी तीच माणसे अनेक ग्राहकांसाठी वापरते, म्हणून तिची सेवा स्वस्त पडते.

सुट्टीतही पाळी रिकामी ठेवता येत नाही. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये चोरीला गेले. त्यातील मोठा भाग ११ ऑगस्टला, म्हणजे बँकांच्या सुट्टीच्या दुसऱ्या शनिवारी, बनावट कार्डांद्वारे काढण्यात आला होता.

पहिल्या फळीतील गळती

विश्लेषकांच्या साधारणपणे तीन फळ्या असतात. पहिल्या फळीत बहुधा नवोदित असतात. ते इशाऱ्यांची छाननी करून संशयास्पद प्रकरणे वरच्या फळीकडे पाठवतात. बरेचसे इशारे निरुपद्रवी निघतात. तोचतोपणा, रात्रपाळी आणि एकाच वेळी अनेक ग्राहकांचे काम यांमुळे लक्ष बोथट होते. अनुभव मिळताच अनेक जण अधिक वेतनाच्या नोकरीकडे वळतात.

त्यांच्याबरोबर ग्राहकाविषयीची माहितीही जाते. कोणता सर्व्हर रात्री बॅकअप घेतो, हे जुन्या विश्लेषकाला ठाऊक असते. नवा विश्लेषक नेहमीच्या बॅकअपला चोरी समजू शकतो किंवा खऱ्या चोरीला बॅकअप समजून सोडून देऊ शकतो.

नियम आणि जबाबदारी

सर्ट-इन या भारतीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, ठरावीक प्रकारच्या सायबर घटनांची माहिती त्या लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. सेबीच्या २०२४ च्या चौकटीत लहान संस्थांसाठी बीएसई व एनएसई या शेअर बाजारांनी सामायिक सुरक्षा संचालन केंद्रे उभारण्याची तरतूद आहे.

करारांत प्रतिसादाची वेळ सहसा लिहिलेली असते. एका विश्लेषकाकडे किती ग्राहक असावेत, हे मात्र अनेकदा नसते. तसेच देखरेख बाहेर सोपवली, तरी सर्व्हर बंद करण्यासारखे निर्णय बहुधा ग्राहकाकडेच राहतात. इशारा ऐकून निर्णय घेणारी व्यक्ती ग्राहकाकडे त्या वेळी उपलब्ध नसेल, तर वेळेवर दिलेली सूचनाही वाया जाते.