मोटारीच्या स्थैर्ययंत्राचा लहरी दिवा

वेगवान मोटारीच्या चालकापुढील फलकावर एखादे दिवशीं अकस्मात् पिवळा दिवा लागतो, त्याच्या जोडीला दोनचार शब्द उमटतात, आणि गाडी बंद करून पुन्हां सुरू करतांच दिवा व शब्द दोन्ही नाहींसे होतात. कारखान्यांत नेली असतां गाडी साळसूदपणें उभी राहते. तेथें कांहींच दिसत नाहीं. वैद्याच्या ओसरीवर पाय ठेवतांच रोग्याचा ताप उतरावा, तशांतला हा प्रकार. मोटारीच्या ज्या दुखण्यांत मालकाचा पैसा आणि कारागिराचा धीर सर्वांत अधिक खर्ची पडतो, त्यांत या येत्याजात्या दुखण्याचा क्रमांक वरचा आहे. मालक कंटाळून दिव्याकडे दुर्लक्ष करूं लागतो, किंवा घायकुतीला येऊन एकामागून एक सुटे भाग बदलीत सुटतो. दोन्ही मार्ग खड्ड्यांत नेणारे आहेत; पहिला तर अक्षरशः.

दिवा कशाचा, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. मोटार वळतांना दोन तऱ्हांनीं हातची जाते. पुढच्या चाकांची पकड सुटली तर चालक स्टिअरिंग वळवीत असूनही गाडी सरळच धांवते व वळणाबाहेर जाते. मागच्या चाकांची सुटली तर गाडीचा मागचा भाग पुढें येऊं पाहतो आणि ती स्वतःभोंवतीं गिरकी घेते. कुशल चालक हें ओळखून हातपाय आवरतो खरा, परंतु चारांपैकीं एकाच चाकाला ब्रेक लावणें त्यालाही शक्य नसतें, कारण त्याच्या पायाखालीं पेडल एकच. तें काम यंत्राकडे सोंपवावें, एवढीच या योजनेमागची मूळ कल्पना. गाडी गिरकी घेऊं लागली कीं यंत्र वळणाच्या बाहेरच्या बाजूचें पुढचें चाक क्षणभर आवळतें. ती सरळ निसटूं लागली कीं आंतल्या बाजूचें मागचें. जरूर पडल्यास इंजिनाचा जोरही तें कमी करतें.

जर्मनींतील बॉश कंपनीनें चाकें जखडूं न देणारी ब्रेकयोजना १९७८ सालीं मर्सिडीज-बेंझच्या गाडींत बसविली होती. तिच्याच पायावर १९९५ सालीं स्थैर्यनियंत्रणाची योजना त्याच मर्सिडीजच्या मोठ्या गाड्यांत आली. श्रीमंतांच्या गाडींतलें हें वैभव सामान्यांच्या गाडींत उतरलें तें एका फजितीमुळें. १९९७ च्या ऑक्टोबरांत स्वीडनमधील एका मोटारमासिकानें, रस्त्यांत अचानक मोठें हरीण आडवें आलें तर काय होईल याची चाचणी घेतली, आणि तींत मर्सिडीजची छोटी ए-क्लास गाडी उलटली. कंपनीला त्या गाडीची विक्री कांहीं काळ थांबवावी लागली, व पुढें हें यंत्र तिच्या प्रत्येक गाडींत बसविण्यांत आलें. अमेरिकेंत २०१२ सालच्या बनावटीपासून सर्व नव्या हलक्या गाड्यांना तें कायद्यानें सक्तीचें झालें.

या यंत्राला डोळे नाहींत. त्याचें सारें ज्ञान संवेदकांवर, म्हणजे कारागिरांच्या भाषेंत सेन्सरांवर, अवलंबून असतें. चार चाकांपाशीं वेग सांगणारे चार, स्टिअरिंग किती वळलें हें सांगणारा एक, गाडी उभ्या आंसाभोंवतीं किती वेगानें फिरते आहे हें सांगणारा एक, ती आडवी किती फेंकली जाते हें सांगणारा एक, आणि ब्रेकच्या तेलाचा दाब सांगणारा एक. संगणकाची पेटी यांच्या साक्षी एकमेकींशीं ताडून पाहते. स्टिअरिंग म्हणतें गाडी डावीकडे, चाकें म्हणतात ती सरळ. अशी तफावत दिसली म्हणजे एक तर गाडी घसरते आहे, नाहीं तर कोणी तरी साक्षीदार खोटें बोलतो आहे. साक्षीदार खोटा ठरला कीं पेटी आपण होऊन कामांतून निवृत्त होते व दिवा लावते. म्हणजे दिवा हा बहुधा घसरण्याचा नव्हे, तर खोट्या साक्षीचा असतो. निदान म्हणजे तो साक्षीदार हुडकून काढणें.

उदाहरणादाखल अमेरिकेच्या केंटकी संस्थानांत बोलिंग ग्रीन येथें तयार झालेली शेव्हरोले कॉर्व्हेट ही गाडी घ्यावी. तिची पांचवी पिढी, १९९७ ते २००४ या बनावटींची. १९९८ च्या बनावटींत, वर्षाच्या मध्यापासून, जादा पैसे देऊन तींत स्थैर्ययंत्र मिळूं लागलें आणि २००१ पासून तें प्रत्येक गाडींत आलें. कंपनीनें त्याला ‘ॲक्टिव्ह हँडलिंग’ असें नांव दिलें होतें, आणि बिघाड होतांच फलकावर ‘सर्व्हिस ॲक्टिव्ह हँडलिंग’ अशा अर्थाची अक्षरें उमटतात. या गाड्या आतां वीस वर्षांपलीकडे गेल्या आहेत. त्यांच्या तारा, जोडण्या व पेट्या म्हाताऱ्या झाल्या आहेत, आणि ब्रेकच्या संगणकाची पेटी नवी मिळणें दुरापास्त झालें आहे. चुकीच्या निदानाची किंमत म्हणूनच येथें मोठी पडते.

या गाडीचा एक गुण मात्र कारागिराच्या फार उपयोगी पडतो. बाहेरचें कोणतेंही उपकरण न लावतां ती आपल्या तक्रारी आपणच वाचून दाखविते. इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली फिरवावी, फलकावरील संदेश पुसावे, आणि ‘ऑप्शन्स’ हें बटण दाबून धरून ‘फ्युएल’ हें बटण चार वेळां दाबावें. लागलीच एकेका पेटीची यादी सुरू होते. प्रत्येक तक्रारीचा एक सांकेतिक आंकडा असतो व त्याच्या शेवटीं ‘सी’ किंवा ‘एच’ हें अक्षर येतें. ‘सी’ म्हणजे तक्रार या घटकेला चालू आहे. ‘एच’ म्हणजे पूर्वीं कधीं तरी होऊन गेली. लहरी दुखण्याच्या तपासांत हें ‘एच’ अक्षर सोन्याच्या मोलाचें आहे, कारण रोगी कारखान्यांत बरा दिसला तरी त्याची दिनचर्या तेथें लिहिलेली असते. अनेक जण उत्साहाच्या भरांत प्रथम आंकडे पुसून टाकतात आणि मग निदानाला बसतात. हा प्रकार पंचनामा होण्यापूर्वींच जागा धुवून काढण्यासारखा आहे. आंकडे आधीं कागदावर उतरून घ्यावे. त्या दिवशीं पाऊस होता काय, गाडी किती वेळ उभी होती, दिवा वळणावर लागला कीं सुरू करतांनाच, हेंही शेजारीं लिहावें.

आंकड्यांचा अर्थही सरळ आहे. सी १२२१ ते सी १२२४ हे अनुक्रमें पुढचें डावें, पुढचें उजवें, मागचें डावें व मागचें उजवें या चाकांचा वेग शून्य दिसल्याचे. सी १२१४ हा पेटींतील झडपांना वीज पुरविणाऱ्या रिलेच्या मार्गांत खंड पडल्याचा. परंतु आंकडा मार्ग दाखवितो, गुन्हेगार नव्हे. डाव्या चाकाचा आंकडा आला म्हणून डाव्या चाकाचा सेन्सरच बिघडला असें ठरत नाहीं. त्याची तार, तारेची जोडणी आणि तिच्या टोंकाची पेटी हे तिघेही तितकेच संशयित असतात.

तरीही चाकांकडे धांवण्यापूर्वीं बॅटरीकडे जावें. कंटाळवाणी वाटणारी ही पायरीच पुष्कळदां प्रकरण मिटविते. गाडी उभी असतां चांगल्या बॅटरीचा दाब सुमारें १२.६ व्होल्ट, इंजिन चालूं असतां साडेतेरा ते साडेचौदा. आणि इंजिन सुरू करतांना तो साडेनऊच्या खालीं जाऊं लागला तर पेट्या क्षणभर शुद्ध हरपतात व जागें होतांच एकमेकींविरुद्ध तक्रारी नोंदवितात. एकाच वेळीं चार निरनिराळ्या पेट्यांत आंकडे सांपडले, तर चार भाग एकदम बिघडले असें मानण्यापेक्षां त्या सर्वांना वीज पुरविणारी बॅटरी थकली असें मानणें अधिक शहाणपणाचें.

बॅटरीनंतर पाळी येते ती ‘अर्थ’ची, म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेची. बहुतेक मोटारींची कवची पोलादी असते व तीच परतीचा रस्ता होते. कॉर्व्हेटची बाहेरची कवची धातूची नाहीं, ती तंतुमिश्रित प्लास्टिकाची. म्हणून परतीच्या तारा खालच्या पोलादी चौकटीवर बोल्टांनीं आंवळलेल्या असतात, आणि पाणी, मीठ व चिखल यांचा मारा नेमका त्या बोल्टांवर होतो. गंजाचा पातळ थर चढला कीं वीज जाते, पण अडखळत जाते. नुसता बोल्ट डोळ्यांनीं पाहून हें कळत नाहीं. पेटीचें काम चालूं असतां तिच्या ‘अर्थ’च्या तारेपासून बॅटरीच्या ऋण टोंकापर्यंत मीटर लावावा, व्होल्टाच्या दहाव्या हिश्शाहून बराच अधिक दाब दिसला तर वाट बुजली आहे असें समजावें. बोल्ट काढून, घासून, पुन्हां आंवळण्याला अर्धा तास लागतो, व खर्च कानसपट्टीच्या कागदाचा.

आतां चाकें. या गाडींत चाकाचा सेन्सर बेअरिंगच्या बंद गोळ्यांतच बसविलेला असतो. दांतेरी कडें चुंबकापुढून फिरतें व तारेंत अल्पशी उलटसुलट वीज उपजते. वेग जितका अधिक तितकी ती सबळ. म्हणूनच दुबळा सेन्सर प्रथम मंद गतींत फसतो, आणि गाडी फाटकांतून बाहेर पडतां पडतां दिवा लागतो. उलट बेअरिंग सैल झालें असेल तर वळणावर भार येतांच कडें व चुंबक यांमधील अंतर बदलतें आणि सरळ रस्त्यावर निर्दोष असलेली गाडी वळणावरच तक्रार करते. गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खालीं व डावी-उजवीकडे हलवावें. मग जोडणी सोडवून मीटर लावावा व चाक हातानें फिरवून चारी चाकांची वीज एकमेकांशीं ताडून पाहावी. मीटर तसाच ठेवून तार बोटभर बोटभर अंतरानें हलवीत जावें. पुढच्या चाकाची तार प्रत्येक वळणाबरोबर वांकते. वर्षानुवर्षें वांकून तिचा तांब्याचा गाभा आंत तुटतो, वरचें वेष्टण मात्र शाबूत राहतें. अशी तार पाहणाराला अगदीं निरोगी दिसते.

टायर हा संशयित कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. कॉर्व्हेटचीं पुढचीं चाकें १७ इंचांचीं व मागचीं १८ इंचांचीं. संगणकानें हा फरक गृहीत धरलेला असतो. स्वस्त मिळाले म्हणून भलत्या मापाचे टायर मागें चढविले, किंवा एक नवा व एक झिजलेला अशी जोडी केली, तर चाकांचा हिशेब जुळत नाहीं.

स्टिअरिंगचा संवेदक हा सर्वांत धूर्त साक्षीदार. जेथें मोजणी सरकत्या स्पर्शानें होते, तेथें मधलाच भाग अधिक झिजतो, कारण गाडी बहुतेक आयुष्य सरळ रस्त्यावर काढते. चाक सरळ असतांनाच त्याचा आंकडा उड्या मारूं लागतो. संगणकांतील चालू आंकडे दाखविणारें उपकरण लावून स्टिअरिंग एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सावकाश फिरवावें. आंकडा एकसारखा चढला-उतरला पाहिजे. येथें आळस परवडत नाहीं. दिवा लागून यंत्र निवृत्त झालें तर निदान साधा ब्रेक शिल्लक राहतो. पण खोटी साक्ष खरी मानली गेली, तर भरवेगांत यंत्र स्वतः होऊन एकच चाक आंवळूं शकतें. आणि पिवळ्या दिव्याबरोबर ब्रेकचा तांबडा दिवाही लागला, तर गाडी पुढें न नेतां प्रथम ब्रेकचें तेल पाहावें.

एवढें सगळें निर्दोष ठरल्यावरच पेटीला हात लावावा. सी १२१४ हा आंकडा टिकून राहिला, वीज व ‘अर्थ’ दोन्ही पेटीच्या दारापर्यंत नीट पोंचत आहेत अशी खात्री झाली, तर दोष आंत आहे. पुष्कळदां तो आंतील डांकाच्या सांध्याला गेलेली बारीक चीर असतो. इंजिनाच्या उष्णतेनें ती उघडते, थंडाव्यानें मिटते, आणि त्यामुळेंच सकाळीं दिवा नसतो व दुपारीं असतो. असे सांधे पुन्हां डांकून देणारे कारागीर आहेत, व नवी पेटी मिळेनाशी झाल्यापासून त्यांच्याकडचें काम वाढलें आहे.

दुरुस्तीनंतर आंकडे पुसावे, आणि ज्या रस्त्यानें, ज्या हवेंत, ज्या वळणावर दिवा लागत असे, त्याच रस्त्यानें गाडी सांभाळून न्यावी. परत आल्यावर दिव्याकडे पाहून समाधान न मानतां पुन्हां तींच बटणें दाबून यादी वाचावी. ‘एच’ अक्षर नव्यानें उमटलेलें असेल तर दिवा न लागतांही साक्षीदार मध्येंच एकदां अडखळला आहे, आणि कागदावरची ती जुनी नोंद पुन्हां हातांत घ्यावी लागेल.