दोन मुलगे आणि घरातली कामं

घरात दोन लहान मुलगे असले की 'एखादी मुलगी असती तर हाताशी आली असती' असं आपल्या जळगावच्या मेहरूणमध्येही सहज म्हटलं जातं. पण हाताशी येणं शिकवावं लागतं, मुलीलासुद्धा. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरच्या ८१ टक्के मुली-बायका रोज घरकाम करताना आढळल्या. मुलगे आणि पुरुष मात्र २६ टक्के. जे करतात त्यांच्यातही बायकांची २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. हा फरक लहानपणीच पडायला लागतो.

हिवाळ्यात मेहरूणची बोरं घरी आली की ती धुऊन किडकी वेगळी काढणं चार वर्षांच्या मुलालाही जमतं. भरिताची वांगी मोठ्यांनी भाजावीत, पण गार झाल्यावर करपलेली साल सात-आठ वर्षांचा मुलगा नीट काढतो. पोरं सांडतात, वेळ दुप्पट लागतो, हे खरंच आहे. म्हणून घाईच्या सकाळी नको, रविवारी सुरुवात करा. दोघं भांडत असतील तर एकच काम अर्धं-अर्धं वाटू नका. एकाला शेंगा सोलणं, दुसऱ्याला ताटं मांडणं, असं प्रत्येकाला पूर्ण काम द्या. 'बायकी कामं कशाला?' असं घरातले विचारतील. शेतातल्या भरीत पार्टीत वांगी भाजायला, ठेचायला पुरुषच पुढे असतात. तेच काम घरात आल्यावर बायकी कसं होतं?

तुमच्या मुलांना कोणत्या वयात काय जमलं, कुठे अडलं, जरूर लिहा. प्रश्न असतील तर विचारा.