पंखा निवडावा वैशाखातल्या दुपारसाठी

नशिराबादहून भुसावळकडे निघाले की साकेगावजवळ वाघूर नदी लागते. या नदीवरचे वाघूर धरण आणि तापीवरचे 41 दरवाजांचे हतनूर धरण हे या परिसरातले दोन मोठे जलाशय. सातारा जिल्ह्यात कोयनेच्या पाण्यावर मुनावळे येथे 2024 मध्ये जलक्रीडा केंद्र सुरू झाले, नाशिकला गंगापूर धरणावर बोट क्लब आहेच. तेव्हा खानदेशातल्या पाण्यावरही वेकबोर्ड आणि वॉटर स्कीसारखे खेळ यावेत, असे इथल्या तरुणांना वाटणे स्वाभाविक आहे. अशा खेळासाठी लागते ती दोरीने खेळाडूला ओढणारी, इंजिन आतच बसवलेली इनबोर्ड बोट. तिच्या खरेदीची बोलणी सुरू झाली की सगळे इंजिनाच्या अश्वशक्तीबद्दल विचारतात, बोटीखालच्या पंख्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही. इंजिनाची ताकद पाण्यापर्यंत पोचते ती मात्र फक्त त्या पंख्यातून. तो पंखा माहितीपत्रकातल्या कमाल वेगावरून न निवडता, जिथे बोट चालणार तिथल्या सर्वात अवघड वेळेवरून निवडावा, असे माझे ठाम मत आहे. खानदेशात ही अवघड वेळ म्हणजे मे महिन्यातली दुपार आणि भरलेली बोट.

पंख्याची ओळख मुख्यतः दोन आकड्यांनी होते. पहिला व्यास, दुसरा पिच. पिच म्हणजे पाणी घट्ट असते तर पंखा एका फेऱ्यात जितका पुढे सरकला असता ते अंतर. इंजिन मिनिटाला 5000 फेरे घेत असेल आणि गिअरबॉक्स ते दीडपटीने कमी करत असेल, तर पंख्याचे फेरे होतात सुमारे 3330. पिच 14 इंच धरला तर कागदावरचा वेग येतो ताशी 71 किलोमीटर. पाणी घट्ट नसल्यामुळे पंखा थोडा घसरतो. ही घसर 20 टक्के धरली तर उरतात 57 किलोमीटर. आता या खेळांना लागणारा वेग पाहा. स्लॅलम स्कीच्या स्पर्धेत पुरुषांसाठी बोटीचा कमाल वेग ताशी 58 किलोमीटर असतो, वेकबोर्डला साधारण 35 पुरतात, आणि लाटेवर उभे राहण्याच्या वेकसर्फला तर 17-18. म्हणजे वेकबोर्ड आणि वेकसर्फसाठी घेतलेल्या बोटीतला कमाल वेग बहुतेक वेळा वापरलाच जात नाही. तिची खरी परीक्षा असते ती थांबलेल्या स्थितीतून उठण्याची.

हे उठणे नीट समजून घेण्यासारखे आहे. बोट हळू चालते तेव्हा ती पाणी बाजूला सारत जाते. वेग वाढू लागला की तिच्या नाकाशी लाट उभी राहते आणि बोटीला जणू स्वतःच केलेला चढ चढावा लागतो. तो चढ पार झाला की ती पाण्याच्या पाठीवर येते आणि तोच वेग राखायला कमी जोर पुरतो. चढाच्या माथ्यावर विरोध अचानक वाढलेला असतो. वेकबोर्डसाठी लाट मोठी हवी म्हणून बोटीत मुद्दाम टनभर पाणी पिशव्यांत भरतात, वर आठ-दहा माणसे, आणि मागे पाण्यातून वर येऊ पाहणारा खेळाडू. त्या क्षणी पिच जास्त असेल तर पंखा इंजिनाला 3000 फेऱ्यांच्या आसपासच दाबून ठेवतो. इंजिनाची पूर्ण अश्वशक्ती मिळते 5000 च्या जवळ, म्हणजे ती असूनही हाती येत नाही. ट्रॅक्टर वरच्या गिअरात ठेवून ओल्या काळ्या रानात नांगर घातला तर जे होते तेच इथे होते. पिच एक इंच कमी केला तर पूर्ण थ्रॉटलला फेरे साधारण 150 ते 200 ने वाढतात, हा बोटीच्या कारखान्यांतला ठोकताळा आहे.

मग व्यास वाढवला तर? तत्त्व तर त्याच बाजूचे आहे. थोडे पाणी जोरात फेकण्यापेक्षा भरपूर पाणी सावकाश ढकलणे स्वस्त पडते, हे एकोणिसाव्या शतकात रँकिन आणि फ्रूड या अभियंत्यांच्या मांडणीतून स्पष्ट झाले. बोट जागेवर उभी असताना, तेवढ्याच शक्तीवर, व्यास 10 टक्क्यांनी वाढवला तर ओढ साडेसहा टक्क्यांच्या आसपास वाढते. पण फेरे तेच ठेवायचे तर पंख्याला लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. 13 इंचांऐवजी 14 इंचांचा पंखा तेवढ्याच फेऱ्यांनी फिरवायला जवळजवळ 45 टक्के जास्त शक्ती हवी. शिवाय पात्यांची टोके आणि बोटीचा तळ यांत मोकळी जागा लागते. म्हणून मोठा व्यास हवा असेल तर तो फेरे जास्त कमी करणाऱ्या गिअरबॉक्सबरोबरच येतो, आणि हा निर्णय बोट घेतानाच होतो. एकदा बोट ताब्यात आली की मालकाच्या हातात मुख्यतः पिच आणि पात्यांची संख्या उरते.

आता खानदेशच्या हवेकडे वळू. वाघूर आणि हतनूर हे दोन्ही जलाशय समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटरच्या आतबाहेर आहेत. एवढ्या कमी उंचीवर विरळ हवेची काळजी कशाला, असे वाटू शकते. पण पारा 45 अंशांवर गेला की इथली हवा 15 अंशांच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे 12 टक्के विरळ होते. प्रमाण वातावरणात एवढी विरळ हवा 1300 मीटरवर, म्हणजे जवळजवळ महाबळेश्वरच्या उंचीवर मिळते. यावर जाणकार आक्षेप घेतील की इंजिनाची शक्ती 12 टक्क्यांनी घटत नाही. आक्षेप बरोबर आहे. आत येणारी हवा इंजिनात तशीही तापते, त्यामुळे तापमानाचा परिणाम साधारण वर्गमुळाच्या प्रमाणात होतो. 25 अंशांवरून 45 वर गेल्यास घट तीन ते चार टक्के, उंचीमुळे आणखी अडीच, मिळून सहा. कोयनेचा जलाशय भरलेला असताना 659 मीटरवर असतो. तिथे नुसता दाबच साडेसात टक्के कमी. म्हणजे मे महिन्यातले हतनूर कोयनेच्या फार मागे नाही. त्यात बंद झाकणाखालचे इंजिन बाहेरच्यापेक्षाही गरम हवा ओढते. पावसाळ्यात उष्मा उतरतो खरा, पण दमट हवेतली वाफ प्राणवायूची दोन-तीन टक्के जागा खाते.

सहा टक्के ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. पंख्याला लागणारा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर (टॉर्क), फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून पीळ सहा टक्क्यांनी घटला की फेरे तीन टक्क्यांनी घटतात. 5000 चे 4850. ही घट बरोबर एका इंच पिचची आहे. मोकळ्या पाण्यावर भरधाव जाताना ती कोणाला जाणवणारही नाही. पण वर सांगितलेल्या चढाच्या माथ्यावर शिल्लक जोर मुळातच थोडा असतो, आणि तिथे बोट वर येणार की नाक वर करून रखडणार हे याच सहा टक्क्यांवर ठरू शकते. म्हणून थंड प्रदेशातल्या तळ्यासाठी बसवून दिलेल्या पंख्यापेक्षा इथे निदान एक इंच कमी पिचचा पंखा घ्यावा. वजनाच्या पिशव्या नेहमी भरणार असाल तर दोन इंच, आणि तीनऐवजी चार पात्यांचा.

याविरुद्ध सर्वात वजनदार मुद्दा जानेवारीतल्या सकाळचा. हवा थंड, बोट रिकामी, आणि कमी पिचचा पंखा इंजिनाला ठरलेल्या मर्यादेपलीकडे पळवेल. हे घडू शकते. पण फेरे मर्यादेत ठेवणारी यंत्रणा आजच्या इंजिनांत असते आणि चालक थ्रॉटल मागे घेऊ शकतो. उलट जास्त पिचने दबलेले इंजिन पूर्ण थ्रॉटलवर कमी फेऱ्यांत राबत राहते, तापते, आणि त्यावर चालकाच्या हाती काहीच उपाय नसतो. दोन चुकांमधली कमी पिचची चूकच परवडणारी आहे. मोठे इंजिन घ्या, हा दुसरा सल्ला नेहमी ऐकू येतो. त्याने जोर वाढेल, पण वजन आणि इंधनही वाढेल, आणि पंखा चुकीचा असेल तर मोठे इंजिनही दबूनच चालेल. नुसती शक्ती वाढवून पंख्याचा प्रश्न सुटत नाही, याचा धडा अभियंता चार्ल्स पार्सन्सला 1894 मध्ये मिळाला. त्याच्या ‘टर्बिनिया’ बोटीचे टर्बाइन प्रचंड वेगाने फिरे, पण पंख्याभोवती पाण्याची वाफ होऊन पोकळ्या तयार होत आणि बोट 20 नॉटच्या पुढे जाईना. त्याने तीन दांड्यांवर तीन-तीन असे नऊ पंखे बसवले, आणि 1897 मध्ये ती 34 नॉटपर्यंत गेली.

पोकळ्यांचा हा धोका आपल्याकडे गाळामुळे वाढतो. पुरात तापी भरपूर गाळ आणते आणि हतनूरमध्ये तो साचलेला आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की बोटीच्या तळाखाली लोंबणारा पंखा तळाजवळ येतो. पात्याची पुढची धार एकदा बोथट झाली की तिथूनच पोकळ्या सुरू होतात, थरथर वाढते, आणि फेरे वाढूनही ओढ वाढत नाही. म्हणून पंखा निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझचा घ्यावा आणि दुसरा जवळ ठेवावा. माणसे ओढण्यासाठी इनबोर्डच का, याचे उत्तरही पंख्याच्या जागेत आहे. तो बोटीच्या मागच्या काठाच्या आत, तळाखाली असतो, आउटबोर्डसारखा मागे उघडा नसतो. तरीही खेळाडू शिडीपाशी असताना इंजिन बंदच हवे.

वाघूरचे पाणी जळगावकर पितात, त्यामुळे तिथे पेट्रोलची बोट सोडावी का हा वेगळा आणि आधीचा प्रश्न आहे. हतनूर असो की आणखी कुठला जलाशय, बोटीच्या मागणीपत्रात एक अट स्पष्ट लिहिता येईल: ताबा देण्यापूर्वी दुपारी दोनच्या सुमारास, पिशव्या भरून, सर्व जागांवर माणसे बसवून आणि मागे खेळाडू घेऊन बोट पूर्ण थ्रॉटलला चालवावी, आणि इंजिन कंपनीने सांगितलेल्या फेऱ्यांच्या पट्ट्यात ती पोचते की नाही हे मीटरवर दाखवावे. पोचली नाही, तर विक्रेत्याने पंखा बदलून चाचणी पुन्हा द्यावी.