फॅलेनॉप्सिस आणि सोलापूरचा उन्हाळा

अलीकडे वास्तुशांत, साखरपुडा अशा मंगल प्रसंगीं गुच्छाऐवजीं फुललेली कुंडीच भेट देण्याची रीत पडली आहे. तींत बहुधा फॅलेनॉप्सिस जातीची आमरी असते. लांब वांकलेल्या दांड्यावर पांढऱ्या किंवा जांभळ्या फुलांची ओळ दोन-अडीच महिने टिकते. मग फुलें गळतात, आणि झाड मेलें असें समजून कुंडी उकिरड्यावर जाते. सोलापुरांत आमच्या परिचयाच्या तीन-चार घरीं हेंच घडलें. वास्तविक झाड तेव्हां जिवंत असतें व निगा राखल्यास पुनः फुलतें. म्हणून हा लेखनप्रपंच.

फॅलेनॉप्सिस म्हणजे ग्रीक भाषेंत पतंगासारखें दिसणारें. ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८२५ सालीं हें नांव दिलें. हिच्या जाती जावा, बोर्निओ, फिलिपाईन्स इकडील दमट अरण्यांतल्या. हिचेंच भावंड जी 'वँडा', तिचें शास्त्रीय नांव मात्र आपल्या 'वन्दा' शब्दावरून पडलें आहे. अमरकोशांत वन्देस 'वृक्षादनी', म्हणजे झाड खाणारी, असा पर्याय आहे. तो बांडगुळास शोभतो. आमरी झाडावर बसते, परंतु त्याचा रस शोषीत नाहीं. 'वृक्षरुहा' हा दुसरा पर्याय तिला यथार्थ होय. हा केवळ पंडिती शब्दच्छल नव्हे, कारण सारी निगा यांतूनच निघते. जिचीं मुळें जन्मभर वाऱ्यावर लोंबतात, ती मातींत पुरल्यास गुदमरणारच. कुंडींत झाडाच्या सालीचे तुकडे व लोणारी कोळसा भरावा, माती मुळींच घालूं नये. कुंडी पारदर्शक असली तर उत्तम. ओलीं मुळें हिरवीं दिसतात व सुकलीं म्हणजे रुपेरी होतात. रुपेरी झाल्यावांचून पाणी देऊं नये.

येथेंच आपल्या एकत्र कुटुंबाची अडचण येते. तुळशीस नित्य पाणी घालणारा हात आमरीकडेही वळतो. पूजा आटोपून सासूबाई तांब्याभर घालतात, दुपारीं सूनबाई घालतात, शाळेंतून आलेलीं मुलें उरलेलें ओततात. मुळें महिन्याभरांत कुजतात. आमच्या पाहण्यांतील बहुतेक आमऱ्या अशा लाडानेंच गेल्या. कोठीच्या किल्लीप्रमाणें हें काम एकाच्याच स्वाधीन करावें. त्यानें थंडींत आठ-दहा दिवसांनीं व वैशाखांत तीन-चार दिवसांनीं, सकाळींच, कुंडी दहा मिनिटें पाण्यांत बुडवून नीट निथळूं द्यावी. पानांच्या बेचक्यांत पाणी सांचल्यास फडक्यानें टिपून घ्यावें, नाहीं तर शेंडा सडतो. विंधणविहिरीच्या जड पाण्यानें मुळांवर पांढरा क्षार बसतो. पावसाचें सांठविलेलें पाणी सर्वांत चांगलें.

सोलापुरचा उन्हाळा हिला मानवणारा नव्हे. पारा चाळिसापलीकडे जातो, वारा कोरडा. गच्चीवर ठेवलेलें झाड एका दुपारींत करपतें. पूर्वेची खिडकी, तिला पातळ पडदा, आणि कुंडीखालीं खडे व पाणी घातलेली परात, मात्र बूड पाण्यास टेकतां कामा नये. कूलरच्या खोलीचा ओलावा हिला रुचतो; त्याचा झोत अंगावर नको.

पण आपला हिवाळा मात्र हिच्या कामाचा आहे. कांहीं आठवडे रात्री १५ ते १८ अंशांच्या झाल्या म्हणजे हिला दांडा फुटतो. हरितगृहांत त्यासाठीं यंत्रें चालवितात; आपल्याकडे मार्गशीर्ष-पौषांतली रात्र तें काम फुकट करते. दांडा दिसल्यावर कुंडी फिरवूं नये, कळ्यांचीं तोंडें वांकडीं होतात. फुलें सरल्यावर दांडा हिरवा असेल तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापावा; झाड अशक्त असेल तर बुडाशीं. खत फार पातळ, पंधरवड्यांतून एकदां. दोन वर्षांनीं साल बदलावी.

एक गोष्ट राहिली. पिकत्या फळांतून जो वायु निघतो, त्यानें हिच्या कळ्या न उमलतांच गळतात. तेव्हां आंब्याची अढी ज्या खोलींत असेल तेथें आमरी ठेवूं नये. दोहोंपैकीं कोणास हलवावयाचें, हें घरांतील मुलांस मात्र विचारूं नये.