वेदीवरचं कापड

बँकेत असताना शिलाई मशीनची कर्जं मी इतकी मंजूर केली, की उल्हासनगरातल्या कित्येक गल्ल्या मला नावापेक्षा आवाजावरून ओळखता यायच्या. कर्जाच्या अर्जात 'तयार मालाची बाजारपेठ' असा एक रकाना असे. उल्हासनगरात तो कधी रिकामा राहिला नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवलं गेलं. १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. बरॅकीत राहणाऱ्या माणसांनी पापड लाटले, बिस्किटं भाजली, कपडे शिवले आणि सगळं विकूनही दाखवलं. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद सगळ्यांनी ऐकलेला आहे. त्या विनोदाचा सर्वांत मोठा अभिमान उल्हासनगरकरांनाच वाटतो.

निवृत्तीनंतर मी बदलापूरला राहायला आलो, आणि बाजारपेठच नसलेलं शिवणकाम तिथे पहिल्यांदा पाहिलं.

शेजारच्या मावशी श्रीरामपूरकडच्या. माहेर हरेगावजवळ, सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला अजून जातात. यजमान अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. दर शनिवारी दुपारी मावशी एक कापडी पिशवी घेऊन लोकलने एकच स्टेशन जातात आणि दिवेलागणीला परततात. पिशवीत लाकडी रिंग, अँकरच्या लडी, कात्री आणि पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. ते काहीतरी म्हणजे चर्चमधल्या वेदीचं वस्त्र आहे, हे कळायला मला दोन वर्षं लागली. शेजारी असून विचारलं नव्हतं, याची थोडी लाज वाटली.

एका शनिवारी त्या मला बरोबर घेऊन गेल्या. चर्चच्या मागे एक खोली, दोन लांब टेबलं, खिडकीपाशी पाच-सहा बायका. एक मंगळूरची, एक गोव्याची, एक केरळची, एक वसईची. कारखान्यांच्या नोकऱ्यांमागून ही कुटुंबं अंबरनाथला आली. घरी प्रत्येकीची भाषा वेगळी, इथे सगळ्यांचं मिळून एक मोडकं हिंदी. पगार नाही, भत्ता नाही. चहासुद्धा आळीपाळीने घरून आणलेला.

मला वाटलं होतं, एखादा टेबलक्लॉथ असेल. पण या कापडांचं एक शास्त्रच आहे. वर्षाचे रंग ठरलेले. नाताळ आणि ईस्टरला पांढरा, उपवासकाळात जांभळा, झावळ्यांच्या रविवारी आणि हुतात्म्यांच्या दिवशी लाल, उरलेल्या साध्या दिवसांत हिरवा. वेदीवर अंथरायचं कापड वेगळं, प्याला पुसायचा रुमाल वेगळा. भाकर आणि प्याला ज्यावर ठेवतात त्या चौकोनी लिननला कॉर्पोरल म्हणतात. त्याची घडी आत मोडत घालायची, उलगडलं की नऊ सारखे चौकोन दिसले पाहिजेत. कण सांडलाच तर घडीच्या आत राहावा म्हणून ही रीत. ते धुतल्यावर पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही, मातीला द्यायचं. जुनं झालं तर फडकं करायचं नाही. जाळून राख पुरायची. हे ऐकताना मला आमच्या आजीचं सोवळं आठवलं. कोल्हापूरच्या अंबाबाईला नवरात्रात तिरुपतीहून शालू येतो आणि पुढे त्याचा लिलाव होतो. इथे लिलाव नाही की दात्याचं नाव नाही. कापड विरेपर्यंत धुवायचं आणि पुन्हा अंथरायचं.

नक्षी उमटवायची पद्धतही जुनीच. बटर पेपरवर चित्र काढायचं, रेघेवर सुईने भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवून रॉकेलात कालवलेल्या निळीचा बोळा फिरवायचा. आता रॉकेल सहज मिळत नाही, म्हणून पिवळा कार्बन वापरतात. चित्रं द्राक्षांचे घोस, कोकरू, गव्हाच्या ओंब्या यांची. या ओंब्यांवरून एकदा बरीच चर्चा झाली म्हणे. मावशींनी भरलेल्या ओंब्या जाड आणि ठासून भरलेल्या होत्या. गोव्याच्या बाई म्हणाल्या, "ये गेहूं नहीं, बाजरा है." मावशी म्हणाल्या, "आमच्याकडं भाकर बाजरीचीच." प्रकरण फादरांकडे गेलं. ते हसले आणि ते कापड त्याच रविवारी वेदीवर अंथरायला सांगितलं.

चर्चनेही याबाबतीत दार अगदीच बंद ठेवलेलं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत होऊ लागली. १९६९ साली भारतातल्या उपासनेसाठी काही बदलांना रोमची संमती मिळाली. त्यांत मेणबत्तीऐवजी समई, हात जोडून नमस्कार, आणि धर्मगुरूंच्या पारंपरिक झग्याऐवजी साधा अंगरखा आणि अंगवस्त्र यांची मुभा होती. तरी बाजरीची परवानगी त्यात नसावी, असा माझा आपला अंदाज.

या खोलीतला सगळ्यांत सुंदर टाका मात्र चर्चमधून आलेला नाही. तो उल्हासनगरातून आला.

वेदीच्या कापडावर पाच क्रूस भरायची रीत आहे. चार कोपऱ्यांत चार, मध्ये एक. ख्रिस्ताच्या पाच जखमांची ती खूण. ते क्रूस या बायका ज्या टाक्याने भरतात, त्याला सिंधी बायका हुरमुचो म्हणतात. आधी आडव्या-उभ्या दोऱ्यांचा सांगाडा घालायचा. मग दुसरा दोरा त्या सांगाड्यातून एकाखालून, एकावरून असा विणत न्यायचा. सुई कापडात शिरते ती सुरुवातीला आणि शेवटी, मधलं सगळं काम कापडाच्या वर तरंगतं. पूर्ण झालं की चार पाकळ्यांचा क्रूस तयार. इंग्रजी भरतकामाच्या पुस्तकांत त्याला माल्टाचा क्रूसच म्हणतात. आर्मेनियन ख्रिस्ती बायकांचं मराश गावचं भरतकाम याच जातीचं. त्या बायकांनाही १९१५ मध्ये घरं सोडावी लागली. सिंधमधून १९४७ साली निघालेल्या बायकांच्या गाठोड्यांत काय काय होतं कोण जाणे, पण हा टाका बोटांत होता. त्याला जागा लागत नाही.

मावशींनी तो शिकला एका सिंधी अम्मांकडून. कँपातल्या दुकानात दोरा घ्यायला गेल्या असता गल्ल्यामागे बसलेल्या अम्मांनी पिशवीतलं कापड मागून घेतलं आणि आधी उलटं करून पाहिलं. "पीछे से गंदा है," म्हणाल्या. मग चार महिने दर बुधवारी शिकवलं. कशासाठी हवंय, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी दोऱ्याचे पैसे घेतले, शिकवण्याचे नाही.

जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या शवावर घालायला पोर्तुगालच्या राणी मारिया सोफियाने भरतकामाचं वस्त्र पाठवलं होतं. ते तिने स्वतः भरलं असं सांगतात, आणि राणी असल्यामुळे तिचं नाव राहिलं. त्याच काळाच्या आगेमागे बंगालमधल्या सातगावचे कारागीर पोर्तुगीजांसाठी रेशमी रजया भरत होते. त्या आज युरोपातल्या संग्रहालयांत आहेत. कारागिरांचं एकही नाव आपल्याला ठाऊक नाही. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं. शिलाहार राजाचं नाव शिलालेखात आहे. भिंतींवरच्या मूर्ती कोरणाऱ्यांची नावं कोणी सांगू शकत नाही.

गेल्या वर्षी एक प्रश्न उभा राहिला. मावशींच्या डाव्या डोळ्याची नजर फार कमी झाली. मंगळूरच्या बाई मुलाकडे कॅनडाला गेल्या. कुणीतरी सुचवलं, की उल्हासनगरात कॉम्प्युटरवर चालणारी भरतकामाची यंत्रं आहेत. पाचही क्रूस तासाभरात, तेही स्वस्तात होतील. सूचना चुकीची नव्हती. अशा यंत्रांना कर्ज देणाऱ्यांत मीही होतो. मी हिशेबही मांडून पाहिला. मावशींचे तास आणि बाजारातली मजुरी यांचा गुणाकार केला, तर त्या किमतीत एक यंत्राचं आणि एक राखीव, अशी दोन कापडं आली असती. कागद मावशींना दाखवला. त्यांनी तो चष्मा वर करून, डोळ्याजवळ नेऊन वाचला.

"साहेब, यात आमचा शनिवार कुठं लिहिलाय?"

मी कागद परत घेतला.

यंत्राचा निर्णय अजून झालेला नाही. हिरवं कापड यंत्रावर करून घ्यावं, ईस्टरचं पांढरं हाताने भरावं, असं काहीसं चाललं आहे. वसईच्या बाईंची नात कॉलेजात आहे. ती मोबाइल समोर उभा करून त्यावर टाके बघत बसते आणि मावशींना ते आवडत नाही. ईस्टरच्या कापडाचे चार क्रूस मावशींनी डोळा जाण्याआधी भरले होते. मधला पाचवा त्या मुलीकडे आला.

परवाच्या शनिवारी तो पूर्ण झाला. मावशींनी कापड घेतलं, उलटं केलं आणि दिसेना म्हणून मागच्या बाजूवरून बोट फिरवलं. एका जागी बोट थांबलं. त्यांनी कात्री मागितली.

"इथं गाठ आलीय. एवढंच उसव," त्या मुलीला म्हणाल्या, "बाकी राहू दे."