पर्माफ्रॉस्ट म्हणजे बर्फ नव्हे

भारताचे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात, न्यू-ओलेसुंड या गावात १ जुलै २००८ रोजी सुरू झाले. त्याचा कारभार गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते. या केंद्राच्या पायाखाली पर्माफ्रॉस्ट (सलग किमान दोन वर्षे शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड राहिलेली जमीन) आहे. तो बर्फाचा जाड थर असावा आणि तापमान वाढले की वितळून समुद्राला मिळेल, असे पुष्कळांना वाटते. हिमनद्यांच्या बातम्या सोबतच येत असल्याने तसे वाटणे साहजिक आहे.

प्रत्यक्षात तो माती, वाळू, खडकच असतो. व्याख्या तापमानावर ठरते; कोरड्या खडकात बर्फ जवळपास नसला तरी तो पर्माफ्रॉस्टच. फ्रीझरमधला कणकेचा गोळा दगडासारखा लागतो. बाहेर काढला की आतला बर्फ वितळतो आणि गोळा मऊ पडतो, पण कणीक कुठे जात नाही. जमिनीचेही तसेच होते, आणि खरी काळजी या मऊ पडण्याचीच आहे: घरांचे पाये खचतात, उतार घसरतात, शिवाय हजारो वर्षे गोठलेले वनस्पतींचे अवशेष कुजू लागून कार्बन डायऑक्साइड व मिथेन बाहेर पडतात.

मात्र वरचा सक्रिय थर (उन्हाळ्यात सुटणारा, हिवाळ्यात पुन्हा गोठणारा) दरवर्षीच मोकळा होतो. ते बिघाडाचे लक्षण नव्हे. खालची गोठलेली जमीन पाणी मुरू देत नाही, म्हणून इतक्या कमी पावसाच्या प्रदेशातही शेवाळ ओलसर राहते आणि रेनडियरना चरायला मिळते. हा थर वर्षानुवर्षे खोल जात राहिला, तर चिंता करायची. गावाजवळच्या बायेल्वा येथे १९९८ पासून मातीचे तापमान त्यासाठीच मोजले जाते.