नडग्या वाचवणारा सॉलिसिटर

एबेनेझर कॉब मॉर्ली हे नाव फुटबॉलवेड्या माणसालाही चटकन आठवणार नाही. पेले, मॅराडोना, मेस्सी ज्या कायद्यांच्या चौकटीत खेळले, तिचा पहिला मसुदा या माणसाने घरी बसून लिहिला. ते घर होतं नदीकाठी, लंडनच्या पश्चिमेला बार्न्स गावात, थेम्सकडे तोंड करून.

मॉर्लीचा जन्म 1831 सालचा, उत्तरेकडच्या हल बंदरातला. वडील धर्मोपदेशक, पण सरकारमान्य चर्चच्या बाहेरच्या पंथाचे. ईटन, हॅरो, रग्बी असल्या बड्या शाळांची पायरी मॉर्ली चढला नाही. त्याच्या पुढच्या कामगिरीत याचा वाटा मोठा असावा, असं मला वाटतं. त्या काळी फुटबॉल ही या शाळांची मिरास होती आणि प्रत्येक शाळेचा नियम निराळा. एकीकडे चेंडू उचलून पळणं हा पराक्रम, तर दुसरीकडे तोच गुन्हा. शाळा सोडून लंडनला नोकरीधंद्याला लागलेली मंडळी एकत्र खेळायला उतरली, की अर्धा वेळ वाद घालण्यात जाई. मॉर्लीला कुठल्याच शाळेचा झेंडा मिरवायचा नव्हता.

सॉलिसिटर होऊन तो लंडनला आला आणि 1858 च्या सुमारास बार्न्समध्ये स्थिरावला. ऑक्सफर्ड-केंब्रिजची सुप्रसिद्ध नौकाशर्यत पटनीहून मॉर्टलेककडे जाते, ती त्याच्या घरासमोरूनच. अशा जागी राहून वल्ही हातात न घेणं अवघडच. लंडन रोइंग क्लबकडून तो नाव वल्हवायचा. 1864 साली हेन्लीच्या नौकास्पर्धेत ग्रँड चॅलेंज कपच्या शर्यतीतही उतरला. बार्न्स-मॉर्टलेकची स्वतंत्र नौकास्पर्धा त्याने 1862 मध्ये सुरू केली आणि 1880 पर्यंत तिची चिटणिशी सांभाळली. याखेरीज घोड्यावरून शिकार, बीगल कुत्र्यांचा स्वतःचा ताफा आणि गावात व्यायामशाळा! वकिली नेमकी कधी करायचा, असा प्रश्न पडावा.

बार्न्सचा फुटबॉल क्लबही त्याने 1862 मध्येच काढला. त्यातले बरेच गडी वल्हेकरी होते. हिवाळ्यात अंग गंजू नये म्हणून ते चेंडूमागे धावत. पुढे मॉर्लीने ‘बेल्स लाइफ’ या क्रीडावृत्तपत्राला पत्र लिहिलं की क्रिकेटला जशी एमसीसी आहे, तशी फुटबॉललाही एखादी संस्था हवी. त्यातून 26 ऑक्टोबर 1863 च्या संध्याकाळी ग्रेट क्वीन स्ट्रीटवरच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये लंडन परिसरातल्या डझनभर क्लबांची माणसं जमली. फुटबॉल असोसिएशन (एफए) स्थापन झाली. अध्यक्ष आर्थर पेंबर, चिटणीस मॉर्ली. इतिवृत्ताची वही मॉर्लीच्या हातात आली.

डिसेंबरपर्यंत सहा बैठका झाल्या. खरं भांडण पेटलं ते ‘हॅकिंग’वरून, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या नडगीवर बुटाने लाथ हाणायची की नाही यावरून. पहिल्या मसुद्यात चेंडू घेऊन पळण्याची आणि लाथा घालण्याची, दोन्हींची मुभा होती. त्याच सुमारास या दोन्हींना मज्जाव करणारे केंब्रिजचे नवे नियम छापून आले आणि मॉर्लीचं मत त्यांच्याकडे झुकलं. ब्लॅकहीथ क्लबचा फ्रान्सिस कॅम्पबेल खवळला. लाथा गेल्या की खेळातली मर्दुमकी गेली, मग आठवडाभर सराव केलेले फ्रेंचही तुम्हांला हरवतील, असा त्याचा टोमणा होता. मॉर्लीचं उत्तर साधं, जवळजवळ कारकुनी होतं. शाळकरी पोरं सोडली तर आपल्यातले बहुतेक कामधंद्याची माणसं. त्यांना आपलं शरीर सांभाळावं लागतं. हॅकिंग ठेवलं, तर प्रौढ माणसं या खेळाकडे फिरकणार नाहीत.

हा युक्तिवाद मला फार आवडतो. त्यात क्रीडाभावना, चारित्र्य, साम्राज्य यांचा मागमूस नाही. सुट्टीच्या दिवशी खेळलेल्या माणसाला सोमवारी कचेरीत धड पायांनी जाता यावं, एवढीच त्यामागची अपेक्षा. 1 डिसेंबरला 13 विरुद्ध 4 मतांनी हॅकिंग बाद झालं. कॅम्पबेल आठवड्याभरात बाहेर पडला. पुढे 1871 मध्ये रग्बीची वेगळी संघटना निघाली, तिच्या संस्थापकांत ब्लॅकहीथ होताच.

मंजूर झालेले 13 नियम आज वाचले तर खेळ ओळखू येत नाही. मैदान 200 यार्डांपर्यंत लांब चालायचं. गोलाचे खांब 8 यार्ड अंतरावर होते, ते अंतर आजही तेवढंच आहे. पण वर आडवी दांडी नव्हती, चेंडू कितीही उंचावरून गेला तरी गोल. उडालेला चेंडू हाताने झेलता येई. चेंडूच्या पुढे असलेला प्रत्येक सहकारी ऑफसाइड. संघात किती खेळाडू असावेत आणि सामना किती वेळ चालावा, यावर चकार शब्द नाही, आणि गोलरक्षकाचाही उल्लेख नाही. बुटांना बाहेर आलेले खिळे वा लोखंडी पट्ट्या नकोत, हे मात्र बजावून लिहिलेलं. इथेही नडग्यांचीच काळजी. 19 डिसेंबरला मॉर्टलेकला बार्न्स आणि रिचमंड या नियमांनी खेळले. एकही गोल झाला नाही.

पुढची काही वर्षं रडतखडत गेली. 31 मार्च 1866 रोजी बॅटरसी पार्कात लंडन विरुद्ध शेफील्ड सामन्यात मॉर्लीने गोल केला खरा, पण 1867 च्या वार्षिक सभेला जेमतेम अर्धा डझन माणसं आली. तेव्हा संस्था चालू ठेवावी की विसर्जित करावी, याचा विचार करा, असं खुद्द मॉर्लीनेच सुचवलं. स्वतःच्या अपत्याबद्दल इतकं अलिप्त बोलणारा संस्थापक विरळाच. शेफील्डच्या मंडळींचा आधार मिळाला आणि संस्था तगली. त्याच वर्षी मॉर्ली अध्यक्ष झाला, तो 1874 पर्यंत. पहिली एफए कप स्पर्धा आणि इंग्लंड-स्कॉटलंडमधला पहिला आंतरराष्ट्रीय सामना त्याच्याच कारकिर्दीतले. मग तो बाजूला झाला. सरे कौन्टी कौन्सिलवर बार्न्सचा प्रतिनिधी म्हणून काम करत राहिला.

त्याचे दोन खेळ मात्र दोन वाटांनी गेले. हेन्लीने 1879 मध्ये हौशी वल्हेकरी कोण, हे ठरवलं. पैशासाठी नाव चालवणारा नावाडी तर नाहीच, पण हाताने काम करणारा कारागीर, मजूर, यंत्रकामगारही हौशी ठरेना. वल्हेकऱ्यांतला हा हातकामाचा अटकाव 1937 पर्यंत टिकला. फुटबॉलने उलट 1885 मध्येच पगारी खेळाडूंना मान्यता दिली.

मॉर्ली 20 नोव्हेंबर 1924 रोजी वारला, 93 व्या वर्षी. त्याच्या आदल्याच वर्षी वेम्ब्लीच्या नव्या मैदानावर एफए कपचा अंतिम सामना झाला. तिकिटांच्या हिशेबाने 1,26,047 लोक आत होते, प्रत्यक्षात याहून कितीतरी जास्त. बोल्टन जिंकलं. हरलेला संघ होता वेस्ट हॅम युनायटेड. त्याचं मूळ म्हणजे 1895 मध्ये थेम्सच्याच काठावर निघालेला, थेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कारखान्यातल्या कामगारांचा क्लब. ते कामगार जहाजं बांधत, पण हेन्लीच्या नियमाने त्यांना तिथल्या शर्यतीत वल्हं धरता आलं नसतं.